दहा टनांखाली सरकणारी झडप

वाफ चालू असताना दांडा ओढायचा नाही. आधी रेग्युलेटर, म्हणजे बॉयलरची वाफ सिलिंडरकडे सोडणारी झडप, मिटायचा, वाफपेटीतला दाब उतरू द्यायचा, मग कळ दाबून दांडा हव्या त्या खाचेत आणायचा आणि रेग्युलेटर पुन्हा उघडायचा. आगगाडीच्या जुन्या अमेरिकन वाफेच्या इंजिनांवरचे कित्येक ड्रायव्हर असंच करत. दांडा म्हणजे रिव्हर्सिंग लिव्हर, त्यांच्या भाषेत ‘जॉन्सन बार’. कमरेच्या वर येईल एवढा उंच, खाली दातेरी पट्टी, मुठीजवळ कळ. पुढे टाकला की इंजिन पुढे जातं, मागे ओढला की मागे. मधल्या खाचांत ठेवला की सिलिंडरमध्ये वाफ थोडाच वेळ शिरते आणि उरलेलं काम स्वतः फुगत जाऊन करते. कोळसा वाचतो तो या मधल्या खाचांत. पण रेग्युलेटर पूर्ण उघडा ठेवून कोणी कळ सोडवली, तर दांडा हातातून निसटून पट्टीच्या टोकापर्यंत सणकन जायचा. वाटेत ढोपर, मनगट, बरगडी जे येईल त्याला प्रसाद मिळायचा.

दांड्याचा यात काही दोष नाही. तो ज्या साखळीचं एक टोक आहे, तिच्या दुसऱ्या टोकाला बिडाची एक सपाट पेटी उपडी पडलेली असते. या प्रकरणाचा विषय ती पेटी आहे.

इंजिन कोणतं, ते आधी ठरवू. १८८०च्या दशकातलं अमेरिकन ४-४-० घ्या: पुढे चार लहान चाकं, मागे चार मोठी. सिलिंडर १७ इंच व्यासाचे, दट्ट्याची धाव २४ इंच, मोठ्या चाकांचा व्यास साडेपाच फूट, बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला १४० पौंड. ही मापं एका ठरावीक क्रमांकाच्या इंजिनाची नाहीत. त्या काळच्या मध्यम आकाराच्या इंजिनांत नेहमी आढळणारी आहेत, आणि गणित करता यावं म्हणून मी ती पक्की धरली आहेत. दाब पौंडात आणि मापं इंचात ठेवली, कारण हे यंत्र इंचातच विचार करून बनवलेलं होतं. वजनं मात्र किलो-टनात सांगतो.

कुकरचं झाकण

सिलिंडरच्या पाठीवर घासून सपाट केलेली एक बैठक असते. तिच्यात तीन आडव्या फटी. दोन बाजूच्या फटी सिलिंडरच्या दोन टोकांकडे जातात आणि मधली, जास्त रुंद, धुराड्याकडे. या तिन्हींवर उपडी ठेवलेली पोकळ पेटी म्हणजे स्लाइड व्हॉल्व्ह. तिचा आडवा छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसतो, म्हणून तिला डी-व्हॉल्व्ह असंही म्हणतात. वर वाफपेटी, आणि तिच्यात बॉयलरची ताजी वाफ भरलेली. झडप एका बाजूला सरकली की एक फट उघडी पडते आणि ताजी वाफ तिच्यातून सिलिंडरमध्ये शिरते. त्याच वेळी दुसऱ्या टोकाची वापरलेली वाफ झडपेच्या पोटातल्या पोकळीतून मधल्या फटीत येते आणि धुराड्यातून ‘छक्’ करून बाहेर पडते. एकच तुकडा, एकच हालचाल, चार कामं. जेम्स वॉटच्या कारखान्यातल्या विल्यम मर्डॉकच्या १७९९च्या पेटंटात सरकणाऱ्या झडपेची कल्पना आली, आणि पुढची शंभरेक वर्षं तिला सहज हरवणारं काही निघालं नाही.

तिची खरी खुबी मात्र वेगळीच आहे. ती आपली आपण घट्ट बसते. वर दाब, पोटात जवळजवळ मोकळी हवा, त्यामुळे वाफच तिला बैठकीवर दाबून धरते. आतून झाकण बसणारा कुकर आठवा. आत वाफ असेपर्यंत ते झाकण कितीही जोर लावा, निघत नाही, आणि त्याच कारणाने त्यातून वाफही निसटत नाही. स्लाइड व्हॉल्व्हचं तसंच, फरक इतकाच की हे झाकण दाब असतानाच दर मिनिटाला दोनशे वेळा पुढेमागे सरकवायचं असतं.

आता हिशोब. आपल्या इंजिनात बाजूच्या फटी सव्वा इंच रुंद, मधली अडीच इंच, त्यांच्यामधले दोन पूल प्रत्येकी सव्वा इंचाहून किंचित कमी, आणि सगळ्या फटी १६ इंच लांब. हे सगळं झाकून कडांना थोडं पुढे यायचं, म्हणजे झडप सुमारे ९ इंच रुंद आणि १८ इंच लांब होते. क्षेत्रफळ १६२ चौरस इंच. गुणिले १४० पौंड. उत्तर येतं २२,६८० पौंड, म्हणजे १०.३ टन.

हातात धरून दोघांना उचलता येईल अशा बिडाच्या तुकड्यावर दहा टन! सगळं ओझं बैठकीवर येतं असं नाही. खालूनही काही दाब वर रेटत असतो. झाकलेल्या फटीत फुगत असलेली किंवा दट्ट्याखाली दबत असलेली वाफ असते, आणि झडपेच्या ओठाखाली पाझरलेल्या वाफेचा पातळ थर असतो. हा उलटा रेटा दट्ट्याच्या धावेत सारखा बदलतो. वरच्या मापांवर मी तो दीड ते सव्वातीन टन धरतो. म्हणजे बैठकीवर उरतात सात ते पावणेनऊ टन; सरासरी आठ म्हणू. तेल बरं असेल आणि घर्षणाचा गुणांक एक दशांश धरला, तर झडप सरकवायला सुमारे ८०० किलोचा जोर लागतो. हे एका बाजूचं. दुसऱ्या सिलिंडरवर तशीच दुसरी झडप आहे.

मर्डॉकच्या काळात हा प्रश्न कोणाला पडलाच नाही, कारण वॉटच्या इंजिनांत वाफेचा दाब हवेच्या दाबापेक्षा थोडेच पौंड जास्त असे. १८२९च्या स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ या रेल्वे इंजिनात तो ५० पौंडांवर गेला. १८८०च्या दशकात १४०. झडपेचा आराखडा जवळपास तोच राहिला आणि तिच्या पाठीवरचं ओझं दाबाबरोबर मुकाट्याने वाढत गेलं.

घर्षण खातं ते काय

‘घर्षणाने शक्ती वाया जाते, ती वाचवायला हवी’ हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. किती वाया जाते ते पाहू. ताशी ४० मैलांच्या वेगाला साडेपाच फुटी चाक मिनिटाला सुमारे २०४ फेऱ्या मारतं. नेहमीच्या खाचेत झडपेची धाव चार इंच धरली, तर एका फेरीत ती आठ इंच घासते, म्हणजे सेकंदाला साधारण ७० सेंटिमीटर. ८०० किलोच्या विरोधात या वेगाने सरकायला सात-साडेसात अश्वशक्ती लागते. दोन्ही झडपांची मिळून पंधराच्या आत. इंजिन त्या वेळी पाचशेच्या आसपास अश्वशक्ती देत असेल, तर हे झाले तीन टक्के.

तीन टक्के म्हणजे नगण्य नाहीत, पण केवळ त्यांच्यासाठी कोणी झडपेचा आराखडा बदलायला गेलं नसतं. बॉयलरवर साचलेला क्षार याहून जास्त कोळसा खातो. माझं मत असं की इंधनबचत हा या सुधारणेचा जाहिरातीतला फायदा होता. खरा फायदा शेडमधल्या फिटरला कळायचा.

ते आठशे किलो कुठून कुठून जातात ते पाहा. झडपेच्या दांडीतून मधोमध टेकूवर झुलणाऱ्या रॉकर-आर्ममध्ये, तिथून लिंकच्या, म्हणजे खाच असलेल्या वक्र पट्टीच्या, खाचेत सरकणाऱ्या ठोकळ्यात, तिथून लिंकच्या पिनांत, एक्सेंट्रिकच्या दांड्यांत आणि शेवटी एक्सेंट्रिकच्या, म्हणजे चाकांच्या आसावर केंद्राबाहेर बसवलेल्या चकतीच्या, मोठ्या पट्ट्यांत. आणि हा जोर एकाच दिशेचा नसतो. झडप पुढे जाताना तो मागे खेचतो आणि मागे येताना पुढे. दर फेरीत दोनदा उलटा झटका, मिनिटाला चारशेवर. प्रत्येक पिन आपल्या भोकात आलटून पालटून दोन्ही कडांवर आपटते. थोड्या महिन्यांत भोकं लांबोडकी होतात आणि सगळीकडचं ढिलेपण एकत्र येऊन झडपेपर्यंत पोहोचतं. मग झडप ठरलेल्या क्षणी उघडत नाही. कानाला ते लगेच कळतं: चार सारख्या ‘छक्’ऐवजी दोन मोठे, एक अडखळता आणि एक फुसका. कोळसा जातो तो इथे. घर्षण त्याचं काम सरळ करत नाही, आडवाटेने करतं.

लिंकच्या वक्र खाचेत ठोकळा तिरक्या पृष्ठभागावर दाबला जात असल्यामुळे त्याच झटक्यांचा एक हिस्सा लिंक उचलणाऱ्या दांड्यात आणि तिथून ड्रायव्हरच्या मुठीत येतो. सुरुवातीला सांगितलेली अद्दल ती हीच. ब्रिटनमध्ये जेम्स स्टर्लिंगने १८७०च्या दशकात यावर उपाय म्हणून दांडा हलवायला वाफेवर चालणारा वेगळा सिलिंडरच बसवला. दुखणं तसंच ठेवून रोग्याला काठी देण्यासारखं ते होतं, पण काठी उत्तम होती.

आणि तेल. दहा टनांखाली तेल टिकत नाही, पिळून बाहेर निघतं. सुरुवातीला चरबी वापरत. वाफपेटीवर तिचा एक कप असायचा, पण चालू दाबाविरुद्ध चरबी आत जाणार कशी? म्हणून उतार आला, रेग्युलेटर मिटला, की फायरमन धावत्या इंजिनाच्या कडेच्या फळीवरून पुढे जाऊन कपात चरबी ओतून यायचा. पावसात, बर्फात, रात्री. मिशिगन सेंट्रल रेल्वेवर फायरमन आणि तेल घालणारा म्हणून काम केलेल्या एलायजा मॅकॉय या कृष्णवर्णीय यंत्रज्ञाने १८७२ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी आपोआप तेल देणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. ते काम कोणी स्वतः केलेलं असलं की उपाय सुचण्यात फरक पडतो, असं मला वाटतं. पण तेल कसंही घाला, ओझं दहा टनच राहतं.

पाठीवरचं ओझं उतरवताना

उपाय कागदावर अगदी सरळ आहे. झडपेच्या पाठीवर ताजी वाफ पोहोचूच द्यायची नाही. पोटात मोकळा दाब आहे, पाठीवरही तसाच केला की काटा समतोल.

अमेरिकेत रिचर्डसन यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी सर्वात जास्त पसरली, ती अशी. वाफपेटीच्या झाकणाला आतून एक घासून सपाट केलेली स्थिर पाटी लावतात. झडपेच्या पाठीवर चार चर पाडतात, चौकटीसारखे, आणि त्यांत बिडाच्या चार पट्ट्या बसवतात. पट्ट्यांखाली बारीक स्प्रिंगा. पट्ट्या वर उचलून पाटीला टेकतात आणि झडपेबरोबर तिच्यावर घासत सरकतात. पट्ट्यांच्या चौकटीत अडकलेल्या जागेत ताजी वाफ शिरू शकत नाही. एवढं करूनही थोडी पाझरणारच, म्हणून झडपेच्या छतातून आरपार एक लहान भोक पाडतात. पाझरलेली वाफ त्यातून पोटात उतरते आणि धुराड्याकडे जाते. हे भोक बुजलं, तर चौकटीत हळूहळू पूर्ण दाब साचतो आणि इतका सगळा खटाटोप असून झडप पुन्हा दहा टनांची होते. मला या सबंध रचनेत सर्वात आवडतं ते हे भोक.

मग चौकट केवढी करायची? इथे प्रकरणाचा गाभा आहे. नवख्याला वाटेल, शक्य तेवढी मोठी, म्हणजे ओझं शून्य. अनुभवी लोकांचा नियम मात्र आखडता हात घेणारा होता: मधली फट, दोन्ही पूल आणि बाजूची एक फट, एवढ्याच क्षेत्रफळाचा तोल साधायचा. दुसरी फट सोडून द्यायची.

आपल्या मापांवर मधली फट अडीच इंच, पूल मिळून सव्वादोन, एक बाजूची फट सव्वा; बेरीज सहा इंच. लांबी १६. क्षेत्रफळ ९६ चौरस इंच, म्हणजे पूर्ण पाठीच्या ५९ टक्के. १४० पौंडांनी सुमारे ६.१ टन ओझं उतरलं आणि ४.२ टन शिल्लक राहिलं. आता तो खालचा उलटा रेटा आठवा: दीड ते सव्वातीन टन. वजा करा. बैठकीवर उरतं किमान सुमारे एक टन आणि जास्तीत जास्त पावणेतीन.

म्हणजे नियमात सोडलेली ती एक फट कंजुषी नव्हती. उलटा रेटा जेव्हा सगळ्यात जास्त असतो, त्या क्षणीसुद्धा झडप बैठकीवर टेकून राहावी म्हणून ठेवलेला एक टन होता. चौकट आणखी २५ चौरस इंचांनी वाढवली असती, तर दीड टनाहून अधिक ओझं आणखी उतरलं असतं आणि धावेच्या काही भागात झडप बैठकीवरून उचलली गेली असती. उचललेल्या झडपेखालून ताजी वाफ थेट धुराड्यात. घर्षण शून्य, आणि कामही शून्याकडे.

जातं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. भरडायचं असलं की खुंट्याला चिंधीचा वेढा देऊन वरचा दगड किंचित उचलून घेत. ओढायला हलकं जायचं, पण मग पिठाची अपेक्षा नाही. दगडाचं जे वजन हाताला जड लागतं, पीठ तेच पाडत असतं. स्लाइड व्हॉल्व्हमध्ये घर्षण निर्माण करणारा दाब आणि गळती थांबवणारा दाब हे दोन वेगळे दाब नाहीत. एकच आहे. त्यातला एक टाकून दुसरा ठेवता येत नाही. किती ठेवायचा एवढंच आपल्या हातात असतं. आणि जेवढा काढून टाकाल, तेवढं गळती रोखण्याचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागतं. इथे ते चार पट्ट्यांना दिलं.

हिशोबाला परत. सरासरी आठ टनांचं ओझं दोन टनांच्या आत आलं, म्हणजे झडप सरकवायला आठशे किलोऐवजी दोनशेच्या आतबाहेर. पट्ट्यांचं स्वतःचं घर्षण थोडं वाढतं. दोन्ही झडपांवरची पंधरा अश्वशक्ती चारच्या आसपास येते. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट, पिनांवरचा प्रत्येक झटका चौथा हिस्सा झाला, आणि वाफ चालू असतानाही दांडा एका हाताने खाचेत आणता येऊ लागला. ड्रायव्हर दांडा सहज हलवू शकतो म्हटल्यावर तो चढ-उताराप्रमाणे खरंच हलवतो. आधी जो एका खाचेत ठेवून विसरला जायचा, तो आता दर मैलाला बदलू लागला, तर कोळशाची खरी बचत त्यातून होणार. तीन टक्क्यांच्या हिशोबात ती येत नाही.

फुसफुस कुठून येते?

नवं काही बसवलं की नवं काही बिघडतं. पट्टी मोडली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर ताजी वाफ चौकटीत घुसते, त्या लहान भोकातून खाली उतरते आणि धुराड्यातून अखंड फुसफुस ऐकू येते. पण झडपेची बैठक घासून पोकळ झाली असेल, तरीही धुराड्यातून फुसफुसच येते. आणि दट्ट्याच्या कड्या (पिस्टन रिंगा) गेल्या असतील, तरीही. तीन आजार, लक्षण एक.

फिटरची तपासणी सुटसुटीत होती. इंजिन असं उभं करायचं की संशयित बाजूची झडप बरोबर मध्यावर येईल, म्हणजे दोन्ही बाजूच्या फटी झाकलेल्या. ब्रेक बांधायचे, रेग्युलेटर थोडा उघडायचा, सिलिंडरचे खालचे कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडे ठेवायचे. धुराड्यात फुसफुस आहे आणि कॉकमधूनही वाफ येते, तर बैठक गळते आहे, कारण झडपेच्या ओठाखालून वाफ फटीत शिरते आहे. धुराड्यात फुसफुस आहे आणि कॉक कोरडे, तर पट्ट्या. कारण पट्टीतून निसटलेली वाफ सिलिंडरला शिवतच नाही, भोकातून थेट एक्झॉस्टला जाते. धुराडं आणि कॉक दोन्ही शांत, पण झडप सरकवून एका टोकाला वाफ दिली की आवाज येतो, तर दट्ट्याच्या कड्या. आणि शिवाय एक साक्षीदार असायचाच: पट्टी गेलेल्या इंजिनाचा दांडा जड झालेला असतो. ड्रायव्हर ‘दांडा ओढेना’ अशी तक्रार लिहितो, फुसफुशीची नाही. हुशार फिटर ती ओळ वाचूनच वाफपेटीच्या झाकणाचे बोल्ट सोडायला घेतो.

जुन्या साध्या झडपेचा एक गुण या बदलात थोडा मार खातो, आणि त्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी अडकलं, तर दट्ट्या त्याला दाबायला जातो. पाणी दबत नाही, सिलिंडरचं झाकण फुटतं. साध्या स्लाइड व्हॉल्व्हमध्ये त्या पाण्याचा दाब वाफपेटीतल्या दाबाहून वर गेला की झडपच बैठकीवरून उचलली जाते आणि पाणी वाट काढतं. म्हणजे ती झडपच सुरक्षा झडपही असते. तोल साधलेल्या झडपेला पाठीशी पाटी आहे. ती पाटीपर्यंतच्या लहानशा मोकळ्या जागेएवढीच उठू शकते. ती जागा ठेवायला विसरलात, की झाकण गेलं.

उतारावर या घासलेल्या पृष्ठभागांना आणखी एक धोका असतो. आपल्याकडचा भोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला. सदतिसास एक असा उतार. १९२९च्या सुमारास तिथे वीज येईपर्यंत वाफेची इंजिनंच तो उतरत होती. अशा उतारावर रेग्युलेटर मिटलेला असतो आणि चाकं दट्ट्यांना ओढत असतात. सिलिंडर तेव्हा पंप होतो आणि हवा शोधू लागतो. दुसरीकडून नाही मिळाली तर धुराड्याच्या तळातून राख-काजळीसकट ओढून घेतो. काजळी तेलात मिसळली की तिची पेस्ट होते, आणि ती पेस्ट नेमकी त्या घासलेल्या पृष्ठभागांवर बसते. यासाठी वाफपेटीवर बाहेरची स्वच्छ हवा आत घेणारी एक लहान झडप लावत.

गोल झडप

तोल साधण्याची कल्पना मुळात जुनी. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींतल्या पंपांच्या इंजिनांसाठी जोनाथन हॉर्नब्लोअरने १८००च्या सुमारास दुहेरी बैठकीची झडप आणली. मुकुटासारखी, वर एक बैठक आणि खाली दुसरी, व्यासात जरासाच फरक. १२ इंची साध्या झडपेवर ४० पौंड दाब असेल तर ती उचलायला दोन टन लागतात. बैठका १२ आणि ११ इंचांच्या केल्या की दाब फक्त मधल्या कड्यावर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याएवढ्या टनावर येतो. पण ती उचलून टाकायची झडप. मिनिटाला दहाबारा ठोके घेणाऱ्या पंपाला ठीक, दोनशे फेऱ्यांच्या आगगाडीला नाही. रेल्वेत ती कल्पना वेगळ्या रूपात विसाव्या शतकात परत आली.

आगगाडीच्या स्लाइड व्हॉल्व्हला बाजूला सारलं ते उष्णतेने. जर्मनीत विल्हेल्म श्मिटने वाफ पुन्हा तापवायची रीत बसवली, आणि १८९८ पासून प्रशियाच्या रेल्वेवर तशी इंजिनं धावू लागली. वाफ तीनशे अंशांच्या वर गेली की रुंद सपाट बीड वाकतं आणि तेल करपतं. तोल साधलेली असो की नसो, सपाट झडप तिथे टिकेना. मग पिस्टन व्हॉल्व्ह आला: एका दांडीवर दोन लहान दट्टे, नळीसारख्या खोलीत पुढेमागे सरकणारे. दाब चारी बाजूंनी सारखा, म्हणून कोणत्याच बाजूला रेटा नाही. ताजी वाफ दोन दट्ट्यांच्या मध्ये ठेवली, तर टोकांना फक्त वापरलेली वाफ उरते, आणि दांडी बाहेर येते तिथल्या ग्लँडलाही (गळती अडवणाऱ्या वेढ्यालाही) पूर्ण दाबाचा सामना करावा लागत नाही. कागदावर हा पूर्ण तोल.

पूर्ण तोल म्हणजे दाबून धरणारं कोणीच नाही. गळती थांबवायची सगळी जबाबदारी कड्यांवर आली. ब्रिटनच्या लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेवर १९२७ मध्ये आलेल्या ‘रॉयल स्कॉट’ वर्गात प्रत्येक दट्ट्याला श्मिट पद्धतीची एकच रुंद कडी होती. नवी असताना इंजिनं उत्तम. मैल वाढत गेले तशी कड्यांशेजारून वाफ निसटू लागली आणि कोळशाचा खप चढत गेला. ड्रायव्हरच्या हाताला काहीच जाणवत नव्हतं, कारण दांडा हलकाच होता. उपाय केला तो असा: भरीव दट्टे आणि त्यांवर अनेक अरुंद कड्या. अरुंद कडीच्या पाठीमागे वाफ शिरते आणि तिला भिंतीवर दाबते. ९ इंच व्यासाची, पाव इंच रुंद कडी घेतली, तर १४० पौंडांना तो रेटा जास्तीत जास्त साडेचारशे किलो. थोडं घर्षण परत आणलं, जाणूनबुजून, आणि गळती थांबली. दहा टनांच्या जागी एका कडीमागे फार तर साडेचारशे किलो.

आणि उठून पाणी सोडून देण्याचा तो जुना गुण पिस्टन व्हॉल्व्हमध्ये पूर्ण गेला. सिलिंडरच्या टोकांना वेगळ्या सुरक्षा झडपा लावणं भाग पडलं.

साध्या स्लाइड व्हॉल्व्हचं काय झालं? ज्या रेल्वेने ‘रॉयल स्कॉट’च्या कड्या बदलल्या, तिनेच १९२४ ते १९३१ या काळात शंटिंगसाठी सहाचाकी लहान टाकी-इंजिनं घेतली, चारशे बावीस. स्लाइड व्हॉल्व्ह. ग्रेट वेस्टर्नने तशाच कामाची ५७०० वर्गाची इंजिनं १९२९ पासून बांधली, आठशे त्रेसष्ट, दाब २०० पौंड, तीही स्लाइड व्हॉल्व्हची, आणि शेवटची, राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेजच्या काळात, १९५० साली. वेग कमी, वाफ साधी, दिवसभर पुढेमागे आणि मध्ये तासन्‌तास नुसतं उभं राहणं. अशा इंजिनात बैठक झिजली तर झडप तिच्याबरोबर झिजते आणि पुन्हा घट्ट बसते, फिटर आला नाही तरी.